सा कुठं गेला?

आमच्या घरी आजोबांची पेटी आहे. आधी जुन्या गावात आणि मग डिंभ्यातल्या भजनी मंडळात ती इतकी वर्षं वाजली की भात्याला दोनदा ठिगळ लागलं. वरच्या सप्तकातला एक सूर दाबला की वेळेवर उठत नाही. लहानपणी मला वाटायचं, तिचं नाव पेटीच. हार्मोनियम हा शब्द शाळेत कळला. आणि ‘हार्मनी’ म्हणजे काय हे त्याच्याही बऱ्याच नंतर, हिंजवडीला नोकरी लागल्यावर, कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून बसलेलो असताना थोडं थोडं कळू लागलं. तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला: जिच्या नावातच हार्मनी आहे, त्या पेटीवर आजोबांनी जन्मभर एका वेळी एकच सूर का वाजवला?

त्या बसमध्ये मी ऐकत होतो मोझार्टची चाळिसावी सिंफनी. ती तुम्हीही ऐकलेली आहे, नाव माहीत नसेल इतकंच. कुणाच्या तरी जुन्या मोबाइलची रिंगटोन म्हणून ऐकली असेल, किंवा १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातल्या तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या ‘इतना ना मुझसे’ या द्वंद्वगीताचा मुखडा म्हणून. संगीत सलील चौधरींचं. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. दोन आखूड सूर, एक लांब. पुन्हा दोन आखूड, एक लांब. पावलं तीच आहेत.

यावरून जे भांडण होतं तेही ठरलेलं आहे. एक बाजू म्हणते, चाल चोरली. दुसरी म्हणते, चोरली कसली, आपलीशी केली. कॉलेजच्या होस्टेलवर मी पहिल्या बाजूने तावातावाने भांडलोय. आता मला वाटतं की दोन्ही बाजू एकच चूक करतात. दोघंही चालीबद्दल बोलतात. चाळिसाव्या सिंफनीत चाल म्हणजे प्रवासाला निघालेला माणूस. तो कुठे गेला, किती लांब गेला आणि परत आला तेव्हा कसा दिसत होता, यात त्या सिंफनीची सगळी गोष्ट आहे. सलीलदांनी माणूस उचलला, प्रवास नाही. मग प्रवासाचं काय झालं, हा खरा प्रश्न.

*

हार्मनीची आपल्याकडे नेहमी सांगितली जाणारी व्याख्या अशी: भारतीय संगीतात सूर एकामागून एक येतात, पाश्चात्त्य संगीतात एका वेळी अनेक. व्याख्या चुकीची नाही, पण तिच्यावरून मोझार्ट समजत नाही. एका वेळी अनेक सूर युरोपातल्या चर्चमध्ये मोझार्टच्या कितीतरी शतकं आधीपासून गायले जात होते. १७५० नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत हायडन, मोझार्ट आणि तरुण बीथोवन यांनी त्या अनेक सुरांकडून एक वेगळं काम करून घेतलं. ते काम म्हणजे अंतर दाखवणं. घर कुठे आहे, आपण घरापासून किती लांब आलोय, आणि परत जाणार आहोत की नाही.

घर म्हणजे सा. आपल्याकडे तानपुरा लागला की सा ठरला. गायक कुठेही हिंडू दे, तानपुरा जागचा हलत नाही. आपल्याकडे सा बदलून पाहण्याचा खेळ आहे, त्याला मूर्च्छना म्हणतात. आसावरी थाटातल्या कोमल गंधाराला सा मानलं आणि तिथून सूर मोजले, की बिलावल थाट मिळतो. मैफलीत एखादा गायक अशी जागा दाखवतो आणि लोक वाहवा करतात. पण त्याच वेळी खाली तानपुरा जुनाच सा धरून बसलेला असतो, म्हणूनच ती गंमत गंमत राहते.

मोझार्टकडे तानपुराच उठून चालू लागतो.

पेटीच्या भाषेत सांगतो. सिंफनीची पट्टी पांढरी पाच. मायनर, म्हणजे ढोबळमानाने आसावरीचे सूर: गंधार, धैवत, निषाद कोमल. अधूनमधून निषाद शुद्ध होतो आणि किरवाणीचा भास होतो. सुरुवातीला चाल नसतेच. आधी व्हायोला खालच्या आवाजात धडधडत राहतात आणि चाल नंतर त्यांच्यावर येऊन बसते. कोमल धैवतावरून पंचमावर, तीन वेळा, आणि मग वरच्या कोमल गंधारावर झेप. दोन मिनिटं व्हायच्या आत सा बदललेला असतो: काळी पाच. आता सगळं मेजर, म्हणजे बिलावल. इथे एक दुसरी चाल येते. अर्ध्या अर्ध्या सुराने खाली उतरणारी, तंतुवाद्यांनी अर्धी म्हणायची आणि फुंकवाद्यांनी पुरी करायची अशी. पांढरी पाचचा आसावरी आणि काळी पाचचा बिलावल यांचे सूर तेच आहेत. म्हणजे ही आपलीच मूर्च्छना, फक्त तानपुऱ्यासकट.

सा असा हलवता येतो तो स्वरसमूहांमुळे. पंचम, शुद्ध निषाद आणि रिषभ एकत्र वाजले की निषाद सा-कडे ओढ घेतो. हे कुणालाही शिकवावं लागत नाही. पेटीवर ते तीन सूर धरून थांबा, पुढे सा वाजवल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही. संगीतकाराला घर बदलायचं असेल तर तो नव्या घराचे हे तीन सूर वाजवतो आणि कान नव्या सा-ची वाट पाहू लागतो. म्हणजे हार्मनी चालीखाली अंथरलेली सतरंजी नाही. या काळाच्या संगीतात ती आपल्याला सतत आपला पत्ता सांगत असते.

*

हे मला पुस्तकातून कळलं होतं. पटलं आजोबांमुळे.

गेल्या मे महिन्यात घरी गेलो होतो. संध्याकाळी ओटीवर आजोबा पेटी पुसत बसले होते. म्हटलं, “आजोबा, एक ऐकता का? इंग्रजी बाजा हाय.”

“लाव.”

मी ब्लूटूथ स्पीकरवर चाळिसावी लावली. आजोबांनी डावा हात भात्यावर ठेवला आणि उजव्या हाताने सा शोधायला लागले. भजनात कुणीही गायला लागलं की ते हेच करतात. पेटीच्या आणि स्पीकरच्या सुरात थोडा फरक होता, तरी दहा सेकंदांत त्यांनी पांढरी पाच धरली. डोळे मिटून सा धरून बसले. मिनिटभराने कपाळावर आठी आली.

“आरं, सा कुठं गेला?”

मी काही बोललो नाही. दोन-तीन सूर चाचपून त्यांनी काळी पाच दाबली. “हितं आलाय. लबाड हाय बाबा.”

रेकॉर्डिंगमध्ये हा भाग दोनदा येतो. दुसऱ्या वेळी चाल सरकायच्या आधीच त्यांचं बोट काळी पाचवर जाऊन थांबलं होतं. मग पुढचा भाग सुरू झाला. मोझार्ट तिथे पहिली चाल घेऊन अचानक काळी तीनवर जातो, म्हणजे घराला लागून असलेल्या सुरावर. अंगणाला लागून घर असावं आणि तिथे आपण आयुष्यात कधी गेलेलो नसावं, तसं. तिथून तो कुठेच टिकत नाही. आजोबांनी हात उचलला. “आता ह्यो कुठं बी हिंडतोय. थांबंल तवा सांग.”

तो थांबला. पहिली चाल पुन्हा पांढरी पाचवर आली. आजोबांनी सा धरला. दुसरी चाल येणार हे त्यांना आता ठाऊक होतं, म्हणून बोट काळी पाचवर तयार होतं. पण या वेळी सा हलला नाही. दुसरी चाल आली ती पांढरी पाचवरच, मायनरमध्ये. आजोबांचं बोट तसंच राहिलं.

“हीच चाल मगाशी बरी वाटत व्हती,” ते म्हणाले.

“आता काय झालं?”

“आता घरचा सा हाय. पन सगळं कोमल हाय.”

मोझार्टच्या या जागेबद्दल मी इंग्रजीत बरीच पानं वाचली आहेत. एवढ्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं आठवत नाही.

*

हे वाटतं तितकं सोपं नाही. मोझार्टसमोर पर्याय होते. मायनरमध्ये सुरू झालेली सिंफनी शेवटी मेजरमध्ये, उजेडात नेऊन सोडायची ही त्या काळातली चांगली रुळलेली रीत होती. हायडनची त्र्याऐंशीवी सिंफनी (१७८५) याच पट्टीत, याच मायनरमध्ये सुरू होते आणि तिचा शेवट मेजरमध्ये हसतखेळत होतो. पुढे १८०८ मध्ये बीथोवनने पाचव्या सिंफनीत मायनरमधून मेजरमध्ये जाणं म्हणजे जणू लढाई जिंकणं करून दाखवलं. मोझार्टने चाळिसावी २५ जुलै १७८८ रोजी पूर्ण केली. त्या एका उन्हाळ्यात त्याने तीन सिंफन्या लिहिल्या आणि त्या त्याच्या शेवटच्या ठरल्या. तिघींपैकी हीच एक मायनरमधली. आणि ती शेवटपर्यंत मायनरमध्येच राहते. पहिल्या भागात काळी पाचवर जे हसू भेटलं होतं, ते परत आल्यावर घरच्या कोमल सुरांत सापडतं. शेवटच्या भागातही तेच होतं. परत येणं आहे. पण जे मागे ठेवून गेलो होतो ते जसंच्या तसं मिळत नाही.

शेवटच्या भागात आणखी एक जागा आहे. मधला भाग सुरू होताना सगळी वाद्यं एकत्र, कुठल्याही स्वरसमूहाचा आधार न घेता, वेड्यावाकड्या उड्या मारत एक ओळ वाजवतात. काही सेकंदांचा मामला. जाणकारांना ही जागा चांगली माहीत आहे, पण मी इंजिनिअर, माझा विश्वास मोजल्यावर बसतो. मी मिडी फाईल उतरवून घेतली, तो तुकडा कापला, आणि पायथनमध्ये वीसेक ओळी लिहून बारा सुरांपैकी कोणता किती वेळा येतो ते मोजलं. तुकडा नेमका कुठून धरायचा यावर बराच वेळ गेला. नंतर स्क्रीनवर बारा ओळी आल्या. अकरा सुरांसमोर आकडे होते. एकासमोर शून्य. पांढरी पाच.

म्हणजे त्या काही सेकंदांत जगातले सगळे सूर वाजतात, फक्त सा वाजत नाही.

आमच्या तालुक्यातल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. तालुक्याचं नाव आंबेगाव. कचेरी घोडेगावला. बाजार मंचरला. आणि आंबेगाव नावाचं गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली. सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, माझ्या दाखल्यावर सगळीकडे ते नाव आहे. गाव तेवढं नाही. आजोबांचं घरही त्याच पाण्यात गेलं. पाण्याचा फुगवटा चढत गेला तसे लोक डोंगराच्या अंगाने वर सरकले, काही लांब गेले. भजन थांबलं नाही. तेच अभंग, तीच पेटी. लहानपणापासून मी ते भजन ऐकतोय आणि मला ते नेहमी चांगलं वाटलंय. आजोबांना ते कसं ऐकू येत असेल याचा विचार मी ‘घरचा सा हाय, पन सगळं कोमल हाय’ हे ऐकेपर्यंत केला नव्हता.

*

आता पेटीकडे परत. तिच्या डाव्या हाताची एक गोष्ट आहे.

हार्मोनियम जन्माला आली १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये, अलेक्झांडर दबँ या कारागिराच्या हातून. ती टेबलाएवढी होती आणि भाता पायाने चालायचा. म्हणजे दोन्ही हात मोकळे: उजव्याने चाल, डाव्याने स्वरसमूह. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचं हातपेटीत रूपांतर केलं. भाता मागे आला, पाय सुटले, जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली, खांद्यावर टाकून गावोगाव नेता येऊ लागली. पण भाता आता डाव्या हाताकडे गेला. ज्या हाताने हार्मनी वाजायची तो हात हवा भरायला लागला. सॉफ्टवेअरच्या भाषेत, एक फीचर काढलं म्हणून प्रॉडक्ट घरोघरी पोचलं.

ही गोष्ट सांगताना मला फार आनंद व्हायचा, कारण आजोबांच्या एका सुराचं उत्तर सापडल्यासारखं वाटायचं. पण ते उत्तर पुरं नाही. आपल्या संगीत नाटकांत पायाने भाता चालवायचा ऑर्गन होता. तिथे दोन्ही हात मोकळे होते, तरीही ऑर्गनवाला गायकाच्या मागेच जायचा. डावा हात मोकळा असून हार्मनी आली नाही, कारण तिचं काम नव्हतं. ज्या संगीतात घर हलतच नाही, तिथे घर कुठे आहे हे सतत कशाला सांगायचं? तानपुरा एकदा सांगतो आणि सांगत राहतो. १९४० ते १९७१ आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती, तेव्हा तक्रार होती ती तिच्या ठोकळेबाज सुरांबद्दल, तिच्यावर मींड घेता येत नाही याबद्दल. तिच्यावर हार्मनी वाजत नाही याचं दुःख कुणालाच नव्हतं.

हार्मनी आपल्या कानात शिरली ती दुसऱ्याच दाराने. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार चाल द्यायचा. तिच्याखाली कोणते स्वरसमूह येणार, व्हायोलिनं कुठे वर चढणार हे बऱ्याचदा हे लोक कागदावर लिहायचे. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच यायची. गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर करून ठेवलं. आपण ज्याला ‘जुन्या गाण्यांचा गोडवा’ म्हणतो, त्यातला बराचसा या लोकांच्या डाव्या हाताचा आहे.

सलील चौधरींना मात्र दोन्ही हात होते. आसामच्या चहाच्या मळ्यात, डॉक्टर वडिलांच्या पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी ऐकत ते वाढले. वाद्यमेळाचा विचार ते स्वतः करायचे. तेव्हा ‘त्यांना मोझार्टची फक्त चाल कळली’ असं म्हणायची सोय नाही. मग १९६१ मध्ये त्यांनी सा का हलवला नाही?

मला वाटतं, त्यांना त्याची गरज नव्हती. गाण्याची बांधणीच वेगळी आहे. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. अंतऱ्यात थोडं फिरून यायचं आणि मुखड्यावर यायचं ते जसंच्या तसं. मुखडा हे आपलं घर आणि ते प्रत्येक वेळी तिथेच असतं, दार उघडं असतं, या भरवशावरच गाणं उभं असतं. मोझार्टची अस्वस्थ, धडधडती चाल या भरवशाच्या घरात आल्यावर तिची काळजी निघून जाते. म्हणूनच ते द्वंद्वगीत इतकं हलकं, इतकं खेळकर वाटतं. चालीमागचा प्रवास काढून घेतल्यावर ती अशीही हसू शकते, हे सलीलदांनी दाखवलं. ही कमाई आहे. पण काहीतरी गेलंय, हेही खरं आहे, आणि ‘आपलीशी केली’ म्हणणाऱ्यांनी ते नाकारू नये. नुसतं हे द्वंद्वगीत ऐकणाऱ्याला त्या चालीच्या पोटात किती भीती होती याचा पत्ता लागत नाही.

आणि तरीही गोष्ट इथे संपत नाही. ‘छाया’मध्ये हेच गाणं पुन्हा येतं. या वेळी तलत महमूद एकटे गातात. दुःखी आवृत्ती. हिंदी चित्रपटाची ही आपल्याला इतकी सवयीची रीत, की तिच्याकडे आपण कधी रचना म्हणून पाहतच नाही. तीच चाल, पण जिच्याबरोबर गायली ती आता शेजारी नाही.

मोझार्टने दुसरी चाल परत आणली ती मायनरमध्ये. सलीलदांनी गाणं परत आणलं ते एका आवाजात. पहिल्यात माणसं तीच राहतात आणि सा बदलतो. दुसऱ्यात सा तोच राहतो आणि माणूस गळतं. सिंफनीकडे कथा नसते, म्हणून परतल्यानंतरचं दुःख तिला सुरांच्या नात्यांमध्येच मांडावं लागतं. आपल्याकडे सा हलत नाही, म्हणून ते कथेत मांडलं जातं. ‘छाया’ने मोझार्टची चाल घेतली, आणि जे चालीत बसत नव्हतं ते आपल्या पद्धतीने चित्रपटभर पसरलं. माझ्या मते उसनवारीचा हिशेब करायचा तर द्वंद्वगीत आणि हे एकट्याचं गाणं अशी दोन्ही मिळून करायला हवा. नुसता मुखडा शेजारी ठेवून केलेला हिशेब अर्धाच असतो.

*

त्या संध्याकाळी पहिला भाग संपल्यावर मी आजोबांना विचारलं, पुढचं लावू का. मला त्यांना ती सा नसलेली जागा ऐकवायची होती. कोडमध्ये शून्य कसं आलं ते सांगायचं होतं.

“नको. आता भजनाची येळ झाली.”

मे महिना होता, धरणात पाणी तळाला गेलं होतं. पाणी असं उतरलं की जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात, लोक बघायला जातात. आजोबा जात नाहीत. त्यांनी पेटी बंद केली, कापडात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली. देवळापर्यंत मी ती घेऊन गेलो. मंडळी जमली होती. बुवांनी विचारलं, “कशात घ्यायचं?”

आजोबा म्हणाले, “पांढरी पाच.”

एरवी ते काळी एकमध्ये वाजवतात.